अस्सल बरहुकूम

कचेरीत एखाद्या दस्तऐवजाची नक्कल मागितली म्हणजे एक कारकून दप्तरातून मूळ कागद काढून त्यावरून नक्कल उतरवतो, दुसरा ओळीमागून ओळ वाचून तिची रुजवात पाहतो, आणि अखेर सही-शिक्क्यानिशी त्या कागदावर शेरा पडतो : अस्सल बरहुकूम नक्कल. या तीन शब्दांत एक अख्खे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. अस्सल आधी असते, ते कोठेतरी जपून ठेवलेले असते, नक्कल मागाहून येते, आणि नकलेची सारी प्रतिष्ठा ती अस्सलाशी किती काटेकोरपणे जुळते एवढ्यावरच अवलंबून असते, असे ते तत्त्वज्ञान. जमीन, कर्ज आणि वारसा यांच्या व्यवहारात त्याला आव्हान देण्याचे कारण नाही. परंतु माणसाच्या व्यक्तित्वाचा विचार करतानाही आपण हेच दप्तरी तत्त्वज्ञान गृहीत धरून चालतो, आणि तेथे मात्र ते आपली दिशाभूल करते, असे मला दीर्घ विचारांती वाटू लागले आहे.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर एक दृश्य पुन्हा दिसू लागले आहे. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा फोन असतानाही एखादी तरुणी गळ्यात आजोबांच्या काळातला फिल्मचा कॅमेरा अडकवून हिंडते; तिच्या अंगावर आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठांचे जाकीट असते, किंवा बाजारात आता न मिळणाऱ्या घाटाचा, शिंप्याकडून मुद्दाम बेतून घेतलेला सदरा असतो; आणि हे सारे कशासाठी, असे विचारले तर उत्तर येते की स्वतःला व्यक्त करण्यासाठी. उत्तर प्रामाणिक असते; पण त्यातला ‘व्यक्त करणे’ हा शब्द मला थांबवतो. जे व्यक्त करायचे ते आत आधीच तयार आहे, पेवातल्या धान्यासारखे ते साठवलेले आहे, आणि वेश किंवा छायाचित्र ही ते बाहेर काढण्याची केवळ मापे आहेत, असा या शब्दाचा गर्भितार्थ आहे. माझे प्रतिपादन असे, की आत असे कोणतेही पूर्वसिद्ध अस्सल नसते. मनुष्य जे निर्णय घेतो, आणि घेतल्यावर ज्यांचे उत्तरदायित्व तो नाकारीत नाही, त्या निर्णयांच्या परंपरेतून त्याचे अस्सल घडत जाते. आणि फिल्मवरचे छायाचित्रण हे या घडणीचे इतके उत्तम शिक्षण आहे, की गतकाळाची हौस म्हणून त्याची वासलात लावणे अन्यायाचे होईल.

या प्रतिपादनाची पहिली साक्ष मी उमरावसिंग शेरगिल यांच्या छायाचित्रांतून काढतो. चित्रकर्ती अमृता शेरगिल हिचे वडील एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. १८७० साली मजिठिया या शीख सरदारघराण्यात जन्मलेले हे गृहस्थ संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी, टॉलस्टॉयचे भक्त आणि खगोलाचे हौशी अभ्यासक होते. आणि छायाचित्रणाचा धंदा म्हणून विचारही न करता त्यांनी आयुष्याची कित्येक दशके, १९५४ साली झालेल्या निधनाच्या थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत, स्वतःची छायाचित्रे काढली. एका चित्रात ते पगडी घातलेले भारदस्त सरदार आहेत, दुसऱ्यात युरोपीय कोट घातलेले चिंतनशील गृहस्थ आहेत, तिसऱ्यात घरच्या साध्या कपड्यांत पुस्तकांच्या सहवासात रमलेले विद्वान आहेत, तर आणखी एकात लंगोटीखेरीज अंगावर काहीही नसलेले, उपवासाने कृश झालेले साधक आहेत. आता कचेरीतल्या त्या दुसऱ्या कारकुनाने येथे कोणत्या चित्राची रुजवात कोणत्या अस्सलाशी पाहावी? सरदार खरा आणि साधक सोंग, असे म्हणता येत नाही. साधक खरा आणि सरदार उपाधी, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी त्यांनी वेश निवडला, खिडकीचा उजेड पारखला, काच किंवा फिल्म सिद्ध केली, आणि आपण कसे दिसतो हे त्या घटकेस दिसण्याची कोणतीही सोय नसताना ते भिंगासमोर जाऊन बसले. बुडापेस्ट, पॅरिस आणि सिमला येथे त्यांच्या कन्येनेही याच भिंगासमोर कधी युरोपीय पोशाखात, कधी साडीत स्वतःला पारखून पाहिले. आणि १९३४ साली भारतात परतल्यावर साडी हाच आपला वेश ठरवणाऱ्या अमृतेने पुढे कुंचल्याने जे शोधले, त्या शोधाची रीत त्या घरात परकी नव्हती.

दुसरी साक्ष आफ्रिकेतली आहे, आणि ती मला अधिक हृद्य वाटते. सॅम्युएल फोसो १९६२ साली कॅमेरूनमध्ये जन्मला, नायजेरियात आजी-आजोबांपाशी वाढला, बियाफ्राच्या युद्धाची झळ सोसून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे नातलगाकडे आला, आणि १९७५ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने तेथे स्वतःचा फोटो स्टुडिओ थाटला. दिवसभर तो गिऱ्हाइकांचे पासपोर्टचे आणि समारंभांचे फोटो काढी. संध्याकाळी दार लावले की रोलवर काही चौकटी शिल्लक राहत. गिऱ्हाइकाला वायदा पाळून फोटो द्यायचे तर रोल त्याच रात्री धुणे भाग होते, आणि उरलेल्या चौकटी कोऱ्याच धुणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होते. त्या उरलेल्या चौकटींत फोसोने स्वतःला उभे केले : बेलबॉटम विजार, जाड तळव्यांचे उंच बूट, काळा चष्मा, आणि मासिकांत पाहिलेल्या गायकांच्या धर्तीवर शिंप्याकडून शिवून घेतलेले तंग सदरे. आपण सुखरूप आहोत हे कळावे म्हणून यांतले फोटो तो दूरच्या आजीला पाठवीत असे. पुढे १९९४ साली मालीची राजधानी बामाको येथे भरलेल्या छायाचित्र-महोत्सवात ही चित्रे जगासमोर आली, आणि २००८ साली त्याच फोसोने मंडेला, माल्कम एक्स, अँजेला डेव्हिस यांच्या रूपांत स्वतःला उभे करून एक स्वतंत्र चित्रमालिका रचली.

या हकिगतीत विलक्षण गोष्ट आहे ती रोलची. पासपोर्टचा फोटो हा अस्सल बरहुकूम नकलेचा परमावधी होय. तेथे सरकारला माणसाचा चेहरा हवा असतो, त्याचा निर्णय नको असतो. त्याच फिल्मच्या पट्टीवर आरंभी अशा नकला ओळीने बसलेल्या आहेत, आणि अखेरीस, कोणी न मागितलेल्या, कोणी पैसे न दिलेल्या त्या दोन-चार चौकटींत, एक पोरका म्हणावा असा मुलगा आपण कोण व्हायचे याचा निवाडा करीत उभा आहे. तो निवाडा त्याच्या मनात आधी पूर्ण झाला होता आणि मग कॅमेऱ्याने त्याची नोंद घेतली, असे मला वाटत नाही. बूट चढवल्यावर उभे राहण्याची ढब बदलली, ढब बदलल्यावर नजर बदलली, आणि धुतलेल्या फिल्मवर ती नजर पाहिल्यावर उद्याच्या चौकटीत काय करायचे ते सुचले, असाच क्रम असला पाहिजे. कोणत्याही कारागिराचे हात असेच शिकतात.

फिल्म या शिक्षणाला इतकी अनुकूल का, हे समजण्यासाठी तिचा धर्म पाहिला पाहिजे. जिलेटिनच्या पातळ थरात रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. पडदा क्षणभर उघडतो, प्रकाश त्यांवर पडतो, आणि त्यांच्यात असा फरक होतो की जो डोळ्यांना मुळीच दिसत नाही. ही सुप्त प्रतिमा अंधारात तशीच थांबून राहते. पुढे डेव्हलपरमध्ये त्या स्फटिकांचे काळे रुपे होते, आणि अखेर हायपोच्या द्रावणात उरलेले क्षार विरघळून चित्र स्थिर होते. रुप्याच्या क्षारांना विरघळवण्याचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच, म्हणजे छायाचित्रणाची कला जगजाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी, नोंदवून ठेवला होता. या क्रियेतून तीन बंधने निर्माण होतात. चौकटी मोजक्या असतात; पडलेला प्रकाश परत घेता येत नाही; आणि केलेल्या कृतीचे फळ तत्काळ दिसत नाही. आपल्याकडे ज्यांच्या घरी आगफा क्लिक थ्री होता त्यांना ही बंधने पाठ्यपुस्तकाविना ठाऊक होती. एका रोलवर बारा चौरस फोटो निघत; गणपतीत घातलेला रोल कधी पाडव्याला संपे; आणि म्हणून कोणाला उभे करायचे, कोणता परकर-पोलका घालायचा, अंगणातला कोणता उजेड धरायचा, याची घरात खरोखर मसलत होई.

ही बंधने म्हणजे अडचणी, आणि अडचणी दूर करणे हीच प्रगती, असा युक्तिवाद केला जातो. सोयीच्या दृष्टीने तो बरोबर आहे. परंतु निर्णयाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या निवडीला काहीच मोल पडत नाही ती निवड मनुष्याला घडवीत नाही. फिल्मवर प्रयोग करणाऱ्याला हे पदोपदी भोगावे लागते. प्रकाशग्रहणाच्या चारशे अंकाची फिल्म सोळाशे अंकाची समजून वापरायची आणि ती धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, हा अंधुक उजेडात काम करणाऱ्यांचा जुना उपाय. पण तो केला की सावल्यांतला तपशील बुडतो, कण ठसठशीत होतात, आणि काळे-पांढरे एकमेकांपासून तुटते. एकाच चौकटीवर दोनदा प्रकाश घेतला तर चेहऱ्यातून झाडाच्या फांद्या उगवल्याचा चमत्कार साधतो. पण मागे जे उजळ होते तेथे दुसरे चित्र वाहून जाते, आणि जे अंधारे होते तेथेच ते तग धरते. यावरून मला शैलीची एक व्याख्या सुचते : कोणता तोटा आपण जाणूनबुजून पत्करतो, याचा सातत्याने केलेला निर्णय म्हणजे शैली. वेशालाही ती तंतोतंत लागू पडते. ज्याला सर्व रंग शोभावेत असे वाटते त्याचा कोणताच रंग होत नाही. ज्याने पांढऱ्याखेरीज सारे सोडले त्याची पांढरी आकृती गर्दीतही दुरून ओळखू येते.

येथे एक आक्षेप मी स्वतःच उपस्थित करतो, कारण तो प्रामाणिक आहे. फिल्मच्या काळात काय कमी साचेबंदपणा होता? जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली जो कोडॅक कॅमेरा विकावयास काढला त्यात शंभर चित्रांची फिल्म भरूनच दिलेली असे. ती संपली की ग्राहकाने आख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवायचा, आणि तेथून धुतलेली चित्रे व नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. कळ दाबणे एवढेच कर्तव्य ग्राहकाकडे उरले. १९०० साली एका डॉलरला मिळणारा ब्राउनी आला, आणि घरोघरी एकाच तऱ्हेने एकाच बाजूला हसणाऱ्या कुटुंबांची चित्रे जमू लागली. रंगीत फिल्मची गोष्ट तर याहून गंभीर आहे. प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी जी नमुन्याची तसबीर पाठवली जाई, जिला ‘शर्ली कार्ड’ म्हणत, तिच्यात कित्येक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. त्या चेहऱ्याला जे मानवले तेच यथार्थ, असा दंडक रसायनांतच मुरवला गेला, आणि सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या दंडकाखाली निस्तेज झाले. आपल्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाला उजळ करण्याचे टचिंग सर्रास होत असे.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्याने माझे प्रतिपादन ढासळत नाही, उलट स्पष्ट होते. गुण फिल्मच्या अंगी आपोआप नाही. ज्याने निर्णयाचा अर्धा भाग कारखान्याला मुखत्यारपत्राने देऊन टाकला, त्याच्यापुरती फिल्म ही कळ दाबण्याची आणखी एक रीत ठरली. ज्याने तो परत मागून घेतला, म्हणजे आपला उजेड स्वतः निवडला, आपली फिल्म स्वतः धुतली, सावळा चेहरा सावळाच छापण्याचा हट्ट धरला, त्याच्यासाठी ती विद्या ठरली. अंधारखोलीत तांबड्या दिव्याखाली एन्लार्जरच्या उजेडात ज्याने प्रत काढली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. आकाश अधिक गडद हवे म्हणून तेथे जास्त वेळ प्रकाश द्यायचा, चेहरा जपायचा म्हणून हाताची सावली मध्ये धरायची. हात किती काळ, किती उंचीवर, किती हलता धरला यावर प्रत ठरते, आणि त्याच निगेटिव्हची दुसऱ्या दिवशी काढलेली प्रत पहिलीशी पूर्णपणे जुळत नाही. दप्तराची भाषा येथे लंगडी पडते : अस्सल हाती आहे, नक्कलही हाती आहे, पण ‘बरहुकूम’ हा शेरा कोणत्याच प्रतीवर मारता येत नाही.

दुसरा आक्षेप वेशाबद्दल आहे. वेश हा बाह्योपचार, विचारवंताने त्याची चर्चा काय करायची, असे आपल्या साध्या राहणीच्या परंपरेत वाढलेल्या सज्जनांना वाटते. त्यांना मी महाडची आठवण करून देतो. १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रहाच्या निमित्ताने तेथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि जे दागिने पाहताक्षणी जात सांगतात ते टाकून द्या, आणि वरिष्ठ जातींतल्या स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. कोणी कोणते लुगडे किती आखूड नेसावे हे जेथे समाजाने ठरवून दिले होते, तेथे काठ घोट्यापर्यंत आणणे ही हौस नव्हती. आपल्यावर आपल्या संमतीवाचून लिहिलेली नोंद खोडून नवी नोंद करण्याचा तो अर्ज होता, आणि तो अर्ज कोणत्याही कचेरीत न देता स्वतःच्या देहावर मंजूर करून घ्यायचा होता. स्वतः बाबासाहेबांचा सूट आणि टाय हाही असाच निर्णय. म्हणून तर त्यांची त्या वेशातली तसबीर महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांत भिंतीवर आहे, आणि ती पाहणारे मूल सूट पाहत नाही, आपल्याला काय होता येईल ते पाहते. ज्या काळी दरिद्री माणूस स्टुडिओतला ठेवणीतला कोट चढवून फोटो काढून घेई, त्या काळी त्याला खोटेपणाचा दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे होते. कोट मागून आणलेला असेल. कोट घालण्याचा निर्धार मागून आणलेला नव्हता.

तिसरा आक्षेप पैशाचा. रोल, त्याची धुलाई आणि प्रती यांचा खर्च आज विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातो, आणि महाग वस्तू व्यक्तित्वाचे साधन ठरली की व्यक्तित्वही श्रीमंतांची मिरास होते, ही भीती रास्त आहे. तिला माझे उत्तर असे, की ही विद्या उपकरणाशी बांधलेली नाही. उमरावसिंगांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आजोबांची जुनी छायाचित्रे संगणकावर एकमेकांत गुंफून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका घडवली. आजोबा, आई, मावशी, आरसे आणि खोल्या तेथे काळाची बंधने ओलांडून एका चौकटीत भेटतात. संगणकावरचे म्हणून त्या कामाचे मोल उणावत नाही, कारण कोणाला कोणाशेजारी बसवायचे याचा निर्णय तेथे तितक्याच जबाबदारीने घेतलेला आहे. तेव्हा फोनवरही दिवसाला तीनच चित्रे घेईन, एकही पुसणार नाही, आणि आठवडा उलटल्यावाचून पाहणार नाही, असा नियम जो पाळील त्याला फिल्मचा धडा विनामूल्य मिळेल. मात्र असा नियम स्वतःवर लादून घेणे किती कठीण आहे हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळते. आणि म्हणूनच ज्याला शक्य आहे त्याने आयुष्यात निदान एकदा छत्तीस चौकटींचा रोल कॅमेऱ्यात भरावा, असा माझा आग्रह आहे. रुप्याचा क्षार आपल्या वतीने तो नियम पाळतो, आणि आपली सबब ऐकून घेत नाही.

या सगळ्या विवेचनात एक भय उरते, आणि ते लपवणे योग्य नाही. जे अस्सल असते ते नाशवंतही असते. २०१४ साली बांगीत यादवी माजली तेव्हा फोसोचे घर लुटले गेले, आणि निगेटिव्ह व प्रती रस्त्याच्या धुळीत विखुरल्या गेल्या. त्या वेळी तेथे वृत्तांकनासाठी आलेल्या छायाचित्रकारांनी त्या वेचून जेवढ्या वाचवता आल्या तेवढ्या वाचवल्या. धुळीतली ती चित्रे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तेरा-चौदा वर्षांचा तो मुलगा दार लावून, उरलेल्या चौकटींत, उंच बूट घालून उभा राहिला तेव्हा त्याच्या त्या उभे राहण्याला कोणी कारकून साक्षी नव्हता, कोणी रुजवात पाहणारा नव्हता, आणि ते बरोबर उतरले की चुकले हे सांगू शकेल असा मूळ कागद कोणत्याही दप्तरात नव्हता. त्याने उजेड लावला, श्वास रोखला आणि कळ दाबली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्याच्या रोलवर अशा काही चौकटी शिल्लक असतात. तेथे शेरा मारावयास कोणी येणार नसते, आणि सही आपल्यालाच करावी लागते.